विश्लेषण : पेटीचा गंधार नेमका कुठे लावायचा? शंभर वर्षांचा वाद आणि ठाण्यातील प्रयोग

पावसाळा सरत आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील घरोघरच्या पेट्या दुरुस्तीला निघतात. दमट हवेने पट्ट्या अडकू लागलेल्या असतात, भात्यातून हवा गळत असते आणि सूरही जागचे हललेले असतात. पेटी लावून द्या, एवढेच सांगून ती कारागिराकडे सोडून येणारे बरेच असतात. पण जाणकार कारागीर उलट विचारतो : कशी लावायची? सगळ्या पट्ट्यांत चालेल अशी, की एकाच पट्टीत गोड वाजेल अशी? या प्रश्नामागे स्वरांचे एक जुने गणित आहे. त्याच गणितापायी युरोपात पियानो लावण्याच्या अनेक पद्धती निर्माण झाल्या, आकाशवाणीने पेटीला तीन दशके दूर ठेवले आणि ठाण्यात २२ श्रुतींची हार्मोनियम तयार झाली.

मुळात अडचण काय आहे?

तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की काही क्षणांनी तिच्यातूनच गंधार ऐकू येतो. हा भास नसतो. कोणत्याही ताणलेल्या तारेत मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही सूक्ष्मपणे वाजत असतात. तिपटीतून पंचम मिळतो, पाचपटीतून गंधार. हिशेबासाठी षड्ज २४० कंपनांचा धरला, तर पंचम येतो ३६० चा आणि गंधार बरोबर ३०० चा. गळा तयार असलेला गायक तानपुऱ्यावर स्वर लावतो तेव्हा तो याच जागा शोधत असतो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांमध्ये आणि कीबोर्डमध्ये मात्र गंधार ३०० चा नसतो. तो साधारण ३०२.४ चा असतो. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण तानपुऱ्यासोबत ही पट्टी दाबून ठेवली, की तानपुऱ्यातील १२०० कंपनांचा उपस्वर आणि पेटीच्या गंधाराचा १२०९.५ चा उपस्वर एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला नऊ-दहा लाटा उठतात. ज्याने कधी लक्ष देऊन ऐकले नाही, त्याला हा केवळ पेटीचा भरदार आवाज वाटतो. ज्याने ऐकले, त्याला तो पुढे सतत खुपतो.

पंचमाची गोष्ट तशी नाही. पेटीचा पंचम ३५९.६ चा असतो, म्हणजे जवळपास अचूक. तिथे सेकंदाला एकही पूर्ण लाट उठत नाही. त्यामुळे 'पेटी बेसूर असते' हे सरसकट विधान बरोबर नाही. ती काही स्वरांत बेसूर असते आणि त्यात गंधार, धैवत व निषाद हे मुख्य आरोपी.

मग सगळे स्वर अचूकच का लावत नाहीत?

कारण ते शक्य नाही. एका षड्जापासून शुद्ध पंचमाच्या, म्हणजे दीडपटीच्या उड्या मारत गेले, तर बारा उड्यांनंतर पुन्हा षड्जावर पोहोचायला हवे. तसे होत नाही. बारा वेळा दीडपट केल्यावर आकडा येतो १२९.७५ पटींच्या आसपास, तर सात सप्तके वरचा षड्ज असतो १२८ पट. हा उरलेला तुकडा कुठे तरी लपवावा लागतो. तो कुठे लपवायचा, याच्या उत्तरांतून लावण्याच्या निरनिराळ्या पद्धती जन्माला आल्या.

सध्याची रूढ पद्धत सगळ्यात लोकशाहीवादी म्हणावी अशी आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे आणि सगळ्यांनी थोडी थोडी चूक वाटून घ्यायची. स्वरांतर मोजण्याच्या 'सेंट' या एककात सप्तक १२०० सेंटचे धरतात, त्यामुळे प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून बरोबर १०० सेंटवर येते. नैसर्गिक गंधार ३८६ सेंटवर असतो, पेटीतला ४०० वर. चौदा सेंटचा हा चढेपणा ही बारा पट्ट्या समान करण्याची किंमत आहे. मोबदल्यात काळी एक असो वा पांढरी पाच, कोणत्याही पट्टीतून गायले तरी पेटी सारखीच वाजते.

पियानोचे काय झाले?

पियानो जन्मापासून असाच लावत असत, हा समज चुकीचा आहे. युरोपात सोळाव्या शतकापासून गंधार शुद्ध ठेवून पंचमाला किंचित आखूड करण्याची पद्धत होती. तिच्यात नेहमीच्या पट्ट्या अतिशय गोड वाजत. पण सगळी उरलेली चूक एका कोपऱ्यातील पंचमात साचे आणि तो इतका कर्कश ओरडे, की संगीतकारांनी त्याला 'लांडगा' असेच नाव दिले. त्या पट्टीच्या वाटेला कोणी जातच नसे. पुढे वेर्कमाइस्टरसारख्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लांडग्याला पांगवणाऱ्या मधल्या वाटा सुचवल्या. त्यांत सगळ्या पट्ट्या वाजवता येत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा राही. काही निवांत, काही धारदार. बाखने १७२२ मध्ये चोवीस पट्ट्यांतील रचनांचा जो प्रसिद्ध संग्रह केला, त्याच्या नावात 'नीट लावलेले' वाद्य आहे, 'समान लावलेले' नव्हे. दोन्हींचा अर्थ एकच, असे नंतर बराच काळ शिकवले गेले.

समान पद्धत पियानोच्या कारखान्यांत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीने ती १८४० च्या दशकात स्वीकारली. गंमत अशी, की १८८५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी नामांकित कारागिरांनी लावलेल्या पियानोंची मोजदाद केली, तेव्हा त्यांतले काटेकोरपणे समान असे फारसे निघाले नाहीत. सेंट हे एकक याच एलिस यांनी रूढ केले आणि भारतीय वाद्यांचे स्वरही त्यांनी मोजले होते. आज पाश्चात्त्य देशांत काही वादक जुन्या रचना त्या-त्या काळच्या पद्धतीने लावलेल्या पियानोवर वाजवतात. कारागीर त्यासाठी कानाने लाटा मोजतो किंवा यंत्रात प्रत्येक स्वराचे कमी-जास्त सेंट भरून घेतो. काम कष्टाचे आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि पद्धत बदलली की जवळपास प्रत्येक खुंटी फिरवावी लागते. तरी तारेची खुंटी उद्या पुन्हा फिरवता येते. पेटीला ती सोय नाही.

पेटी लावताना नेमके काय करतात?

पेटीचा सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडे घासली की ती हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाशी घासली की ती मऊ पडते आणि स्वर उतरतो. दोन्ही बाजूंना जाता येते, पण प्रत्येक खेपेला धातू कमी होतो. साडेतीन सप्तकांच्या, ४२ पट्ट्यांच्या दोन सुरी पेटीत ८४ सूर असतात. हौसेने आज एका पद्धतीने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पद्धतीने लावून घेतली, तर चांगले जर्मन किंवा पालिताण्याचे सूर काही वर्षांत कामातून जातात. जुनी पेटी कारागिराकडे देताना आधी ठरवून जाण्याचे कारण हेच.

भात्याचाही वाटा असतो. हवेचा दाब वाढला की मोकळ्या जिभेचा स्वर किंचित उतरतो. त्यामुळे एका सेंटपर्यंत अचूक लावल्याची हमी कोणी देत असेल, तर ती कारखान्यातील टेबलावरची हमी आहे. मैफलीत वादकाचा डावा हात काय करतो, यावर पुढचे अवलंबून.

'गंधार ट्यूनिंग' म्हणजे काय?

पुण्या-मुंबईकडच्या पेटीवादकांत रूढ असलेला हा शब्द. एक पट्टी षड्ज म्हणून पक्की करायची आणि बाकीचे अकरा स्वर तानपुऱ्याशी जुळतील असे नैसर्गिक प्रमाणात लावायचे. गंधार आपल्या जागी आला की सगळी पेटी एकजीव वाटते, म्हणून नाव गंधाराचे. एकल वादन करणारे आणि ठरलेल्या गायकाला साथ करणारे अनेक जण अशी पेटी बाळगतात. ख्यालाची बढत चालू असताना अशा पेटीचा स्वर गायकाच्या स्वरात विरघळून जातो.

पण लांडगा इथेही दबा धरून असतो. पेटी पांढरी एकवर अशी लावली, म्हणजे पांढरी एक २४०, रिषभ २७० आणि धैवत ४०० कंपनांचा झाला. आता कोणी पांढरी दोनमधून गाऊ लागले, की रिषभाची पट्टी त्याचा षड्ज होते आणि धैवताची पट्टी पंचम. २७० चा पंचम हवा ४०५, पेटीत आहे ४००. जवळपास २२ सेंटने उतरलेला पंचम कोणत्याही गायकाला सोसणार नाही. कारागिराने धैवतच ४०५ चा ठेवला असता तर हे टळले असते; पण मग मूळ पट्टीत तो धैवत गंधाराशी जुळला नसता. बारा पट्ट्यांत सगळ्यांचे समाधान होत नाही, ते असे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि दुकानात ती फारसे कोणी सांगत नाही. 'स्केल चेंजर' पेटीत पट्ट्यांचा सांगाडा सरकतो, सूर जागेवरच राहतात. म्हणजे पट्टी बदलली की षड्जाचे काम वेगळ्याच सुराकडे जाते. अशी पेटी समान पद्धतीनेच लावलेली असावी लागते. नाही तर सांगाडा सरकवताच सगळी प्रमाणे विस्कटतात. स्केल चेंजरही हवा आणि गंधार ट्यूनिंगही हवे, असा आग्रह धरणाऱ्याला दोन्हींपैकी एक सोडावेच लागते.

हा वाद महाराष्ट्रात कधीपासून आहे?

पेटी भारतात आली ती युरोपीय पाहुणी म्हणून. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबॅ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता हलवण्याची, जमिनीवर बसून वाजवता येणारी पेटी रुळवली. मराठी संगीत नाटकाने तर तिला घरचीच करून टाकले. आणि लगेचच तिच्या स्वरांबद्दल तक्रारीही सुरू झाल्या.

पहिला पद्धतशीर प्रयत्न कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा. सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर राहिलेल्या देवलांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजमापांसाठी गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. मुंबई इलाख्यातील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय गाजला. पंडित भातखंडे यांना हा मार्ग पटला नव्हता. रागातील स्वर आकड्यांत बांधून कायदा करायचा की चालू गायकीतून नियम शोधायचे, हा त्यांच्यातला खरा मतभेद होता आणि तो अजून मिटलेला नाही. देवल-क्लेमेंट्स यांची पेटी मात्र मैफलीत रुळली नाही.

आकाशवाणीने बंदी का घातली?

१९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. तिला मींड घेता येत नाही, तिचे बारा स्वर भारतीय नाहीत, ती गायकाचा कान बिघडवते, असे आक्षेप होते. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर मराठीच, पण त्यांच्याही काळात पेटीला दार उघडले नाही. १९७१ पासून बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. एवढ्या काळात पेटी संपली का? अजिबात नाही. रेडिओवर नसलेली पेटी नाट्यगृहात, कीर्तनात, भजनी मंडळात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात वाजतच होती. गोविंदराव टेंबे यांच्यापासून पं. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंतच्या वादकांनी तिचे मोठेपण सिद्ध केले. पेटीच्या मर्यादेत राहूनही मींडेचा आभास निर्माण करणारे त्यांचे हात हेच बंदीला दिलेले उत्तर होते. गणिताचा आक्षेप मात्र त्याने खोडला जात नाही. तो शिल्लक राहिला.

ठाण्याची २२ श्रुतींची पेटी वेगळी कशी?

हा उरलेला आक्षेप ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी हाती घेतला. पेशाने डॉक्टर, औषधशास्त्राचे अभ्यासक आणि पेटीवादनात पं. गोविंदराव पटवर्धन यांचे शिष्य, असा त्यांचा परिचय. त्यांच्या मांडणीत षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन जागा, एक उतरी आणि एक चढी. दहा दुणे वीस आणि दोन मिळून बावीस. प्रत्येक जोडीतले अंतर ८१:८० या प्रमाणाचे, म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंट. २४० च्या षड्जावर एक गंधार ३०० चा, दुसरा ३०३.७५ चा. नेहमीच्या पेटीतला ३०२.४ या दोघांच्या मधे लोंबकळत असतो, धड हाही नाही, धड तोही नाही.

त्यांच्या पेटीत पट्ट्या नेहमीच्याच बारा, त्यामुळे वादकाला बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत. प्रत्येक पट्टीसाठी छोटी खुंटी आहे. ती आत-बाहेर केली की त्याच पट्टीतून खालची किंवा वरची श्रुती वाजते. राग सुरू करण्यापूर्वी खुंट्या लावून घ्यायच्या. भूप आणि देशकार हे नेहमीचे उदाहरण. दोघांचे स्वर तेच पाच, पण देशकारचा धैवत चढा, असे जाणकार सांगतात. साध्या पेटीवर दोन्ही रागांना एकच धैवत मिळतो. इथे तो बदलता येतो. म्हणजे कारागिराला वर जो पेच पडला होता, धैवत ४०० चा ठेवू की ४०५ चा, तो इथे एका खुंटीने सुटतो.

सुरांची संख्या वाढल्याने पेटी गुंतागुंतीची होते आणि तिची देखभालही. षड्ज बदलला तर गणित नव्याने मांडावे लागते, हेही आहे. एका मैफलीत तीन गायकांना तीन पट्ट्यांत साथ करणाऱ्या वादकाला ही पेटी सोयीची नाही.

हे सर्वांना मान्य आहे का?

नाही. आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला व्यावहारिक : दरबारीचा आंदोलित गंधार किंवा भैरवचा डोलणारा कोमल रिषभ एका जागी उभाच राहत नाही. त्याला दोन जागा दिल्या काय आणि चार दिल्या काय, पट्टीवर तो येणार नाही. दुसरा आक्षेप मुळावरचा. नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतील गंधार मोजले, तेव्हा ते एकाच जागी सापडले नाहीत. एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातही ते हलत होते. पुढच्या मोजमापांतही साधारण हेच दिसले. मग भरताच्या नाट्यशास्त्रातील २२ श्रुती म्हणजे ठरावीक २२ बिंदू, हे गृहीतकच तपासावे लागते.

यातला दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण त्याने समान पद्धतीची बाजू बळकट होते असे नव्हे. गायक गंधार थोडा हलवतो हे खरे. दीर्घ ठेहराव घेताना मात्र त्याला ओढ असते ती तानपुऱ्यातल्या गंधाराची. त्या क्षणी साथीची पेटी चौदा सेंट वर धरून बसली, तर दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. अनुभवी साथीदार अशा वेळी पट्टीवरून बोट उचलतो. ही तडजोड इतकी अंगवळणी पडली आहे, की श्रोत्यांना ती कळतही नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

खरा प्रश्न इथे आहे. डोंबिवली-कल्याणमध्ये शास्त्रीय गायन शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी. कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था आणि तिचा देवगंधर्व महोत्सव, ठाण्यातला पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा समारोह यांनी इथला कान घडवला. पण घरचा रियाज बहुतेकांचा होतो तो पेटीवर किंवा मोबाइलवर. मूल पेटीच्या पट्टीला गळा चिकटवून अलंकार घोकते आणि वर्गात तानपुऱ्यावर बसले की गुरुजी सांगतात, गंधार चढा लागतोय. मुलाने चूक केलेली नसते. त्याने घरी ऐकलेलाच स्वर लावलेला असतो.

यावर महागडी पेटी हा पहिला उपाय नव्हे. तानपुरा, मग तो मोबाइलवरचा का असेना, लावून स्वर त्याच्याशी जुळवायचे आणि पेटी फक्त षड्ज-पंचमासाठी किंवा चीज बसवताना वापरायची, असे अनेक शिक्षक सांगतात. ते गणितालाही धरून आहे, कारण पेटीचे हेच दोन स्वर भरवशाचे. घरात चांगल्या प्रतीचा डिजिटल पियानो किंवा कीबोर्ड असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'टेंपरामेंट' किंवा 'स्केल ट्यून' नावाची सोय बहुधा सापडेल. त्यात समान पद्धतीसोबत नैसर्गिक आणि वेर्कमाइस्टरसारख्या जुन्या युरोपीय पद्धतीही असतात. मूळ पट्टी निवडून नैसर्गिक पर्याय लावला आणि सा-ग-प एकत्र दाबले, की वर सांगितलेल्या लाटा थांबलेल्या ऐकू येतात. ना कानस लागते, ना सूर झिजतो. नको असेल तर बटण दाबून परत येता येते.

भावगीत, सुगम, ऑर्केस्ट्रा किंवा फ्यूजनमध्ये वाजवणाऱ्याने मात्र समान पद्धतच ठेवावी. शेजारी गिटार आणि कीबोर्ड असताना गंधार ट्यूनिंगची गोड पेटी एकटी पडते. भजनी मंडळाचेही तसेच. तिथे दर अभंगाला गाणारा आणि पट्टी बदलते.

ज्याला खयालाच्या रियाजासाठी आणि एकाच आवाजासाठी पेटी हवी आहे, त्याने साधी, स्केल चेंजर नसलेली दोन सुरी पेटी घ्यावी आणि लावायला देताना कारागिराला तीन गोष्टी सांगाव्यात : षड्ज कोणत्या पट्टीचा, गाणार कोण आणि धैवत गंधाराशी जुळवायचा की रिषभाशी.